पाणी कुणी घातलं

लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा अख्ख्या गावात आमचं एकच कॅथलिक घर होतं. निदान मला तरी दुसरं कधी सापडलं नाही. आमचे हे रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात ओव्हरसिअर होते आणि वेल्ह्याकडच्या रस्त्याचं काम त्यांच्याकडे होतं. आठवड्यातले चार-पाच दिवस ते तिकडेच तंबूत नाहीतर एखाद्या शाळेच्या खोलीत राहायचे. मी भोरात दोन खोल्यांत, एकटी. माहेर वसईचं, सासरही वसईचंच. आई मी शाळेत असतानाच गेलेली.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. पहिल्याच रविवारी मी घरमालकीण काकूंना म्हटलं, "इथं आमचं देऊळ नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतं." काकू आंबवड्याकडच्या शेतकरी घरातल्या, मुलांच्या शाळेसाठी भोरात घर बांधून राहिलेल्या. त्या म्हणाल्या, "देऊळ न्हाई कसं? चला माझ्यासंगं." मग मी त्यांना आमचं देऊळ म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मग जावा की पुण्याला. एसटी जाती रोज."

पुण्याला जायचं नाही असं ह्यांनी लग्नाआधीच मला सांगितलं होतं. म्हणजे मला अडवणार नव्हते, पण स्वतः येणार नव्हते. लग्न देवळात लागलं ते त्यांच्या आईसाठी. "त्यानंतर माझ्याकडून काही मागू नकोस," असं म्हणाले होते. मी मागितलं नाही. मला स्वतःला विश्वास किती होता आणि सवय किती होती हे तेव्हा धड सांगता आलं नसतं. संध्याकाळी दिवा लागला की माळ हातात यायची आणि ओठ आपोआप हलायचे. मन त्या वेळी डाळ शिजली का याच्याकडे असायचं. घरात आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा, मांडला नव्हता. सासूबाईंनी दिलेली मरियामातेची लहान मूर्ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली होती.

तर त्या पहिल्या नाताळाला काही करायचं नाही असं आमचं ठरलं. दाराला कागदी तारा नाही, बाळ येशूचा गोठा नाही, फराळ नाही. हे कामावर होते. दुपारी काकू शेजारच्या तिघी-चौघींना घेऊन दारात हजर.

"आज तुमचा सण ना?"

"हो."

"मग?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. "दिवाळीला आमी ताटं दिली का न्हाई? तुमचं कुठाय?"

त्यातली एक हळूच म्हणाली, "घरात कुणी गेलं का तुमच्या? सुतक हाय का?" सण न करायला दुसरं कारण असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, सुतक नाही, जरा उशीर झाला. त्यावर काकूंनी आपल्या घरून रवा, खोबरं आणून दिलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून करंज्या केल्या. तळताना त्या मला विचारत होत्या, तुमच्यात कशा करतात, कडेला मुरड घालता का कातण्यानं कापता. संध्याकाळी मूर्ती कपाटातून काढून मी कोनाड्यात ठेवली, कारण नैवेद्य कुठं दाखवायचा असं काकू सारखं विचारत होत्या. आमच्यात नैवेद्य नसतो हे सांगायचा मला कंटाळा आला.

शनिवारी हे घरी आले. कोनाड्याकडे पाहून म्हणाले, "हे कुणी केलं?"

"काकूंनी."

ते हसले. पुढे मुलाच्या परीक्षेच्या वेळी काकू मला म्हणायच्या, "तुमच्या कोनाड्यातल्या मोतमाउलीला माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा." मी लावायची. वसईच्या फादरांना जमलं नसतं ते भोरच्या आळीनं केलं. मला त्यांनी धर्माला लावलं.

ह्यांचा राग देवळावर का होता ते मला लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या पाठीवर एक बहीण झाली होती. जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तिला दफनभूमीत जागा मिळाली नाही. त्या काळचा नियमच तसा होता. वडिलांनी एका लाकडी खोक्यात तिला ठेवलं, खोक्याचं एक टोक ह्यांनी धरलं, आणि कुंपणाच्या बाहेर निवडुंगाच्या कडेला खड्डा करून दोघं परत आले. क्रूस नाही, नाव नाही. नाव ठेवलंच नव्हतं. हे मला म्हणाले होते, "दोन दिवसांच्या पोरीनं काय केलं होतं? ज्या देवाला कुंपण लागतं, तो मला नको."

सासूबाई त्याच गोष्टीतून उलट्या बाजूला गेल्या होत्या. घराण्यात मूल झालं की आठ दिवसांच्या आत डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलंच पाहिजे, यावर त्या कुणाचंही ऐकत नसत. नणंदा-जावांच्या प्रत्येक बाळंतपणात त्या आधी फादरांना गाठायच्या, मग डॉक्टरांना.

मला दिवस गेले. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासूबाईच भोरला आल्या. आल्या त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "संध्याकाळी सिस्टर येणार आहेत, मला तपासायला." त्यांचा चेहरा उजळला. लुगडं बदललं, डोक्यावर पदर घेतला, माळ हातात घेऊन दारात बसल्या. त्यांना वाटलं मठातली सिस्टर. आली ती सरकारी दवाखान्यातली नर्स, पांढऱ्या साडीत, चपला दाराबाहेर काढत म्हणाली, "आजी, च्या टाका बघू, लई दमले."

ही सिस्टर वर्षभरात माझी मैत्रीण झाली होती. काकूंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावातली, बौद्ध घरातली. तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीनं देव्हाऱ्यातले देव गुंजवणी नदीत सोडले होते. तिच्या आईनंही सोडले. पण जत्रेच्या दिवशी पालखी गावातून पुढं जाईपर्यंत आई तोंडात घास घालत नसे. कुणाला सांगायची नाही, नुसतं "भूक न्हाई" म्हणायची. सिस्टरचा भाऊ एकदा तापानं फणफणला तेव्हा चुलता दारात येऊन बसला, "देवी सोडली त्याचं हे. परत मांड." दोन दिवस बसून होता. तिसऱ्या दिवशी आईनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "तुमी घरी जावा. पोरगं दवाखान्यात न्हेते." भाऊ बरा झाला. "पण तोवर आईचं काय झालं असंल," सिस्टर मला म्हणाली होती, "ते मला आता कळतं, ताई. एका बाजूला सगळी भावकी, एका बाजूला पोरगं."

पावसाळ्यात मला मुलगी झाली. सगळं ठीक झालं. सासूबाईंनी तिला पुसून दुपट्यात घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "पुण्याला कधी जायचं?"

हे रजा घेऊन आले होते. ते म्हणाले, "जायचं नाही."

"म्हणजे?"

"मोठी होईल, तिला कळायला लागेल, तेव्हा तिचं ती ठरवेल."

सासूबाईंनी भांडण केलं नाही. माळ घेऊन बसल्या. दिवसातून किती वेळा त्यांनी ती ओढली असेल! हे घरात असले की जरा मोठ्यानं. इकडे काकूंचं वेगळंच. "बारसं कधी? नाव काय ठेवताय? बिननावाचं लेकरू किती दिस ठेवायचं?" नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायची आमची पद्धत, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून नावही लांबत गेलं. मी ह्यांना म्हटलं, निदान घरातल्या घरात नाव तरी ठेवू. ते म्हणाले, ठेवू, पुढच्या खेपेला आलो की. आणि माझ्याकडून शब्द घेतला की त्यांच्या मागे मी आईचं ऐकून पुण्याला जाणार नाही.

ते कामावर गेले. वसईला धाकट्या जावेचे दिवस भरत आले होते, म्हणून सासूबाईंनाही परतावं लागलं. निघताना त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. मागच्या खोलीत जाऊन सिस्टरशी मात्र पुष्कळ वेळ बोलत बसल्या. मला वाटलं, बाळाच्या दुधापाण्याचं सांगत असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीला जुलाब सुरू झाले. सकाळी सुरू झाले आणि दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. टाळू खोल दिसायला लागली. काकूंनी तिला पदरात घेतलं, मी छत्री धरली, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टर त्या दिवशी तालुक्यातल्या एका शिबिराला गेलेले. त्यांना आणायला शिपाई सायकलवर गेला. सिस्टर ड्यूटीवर होती. तिनं शिरेतून पाणी चढवायचा प्रयत्न केला. इतक्या लहान हातात शीर सापडेना. शेवटी डोक्यावरची सापडली. मुलगी रडायचीही थांबली होती. ओठ काळेनिळे पडले होते.

वेल्ह्याकडे त्या आठवड्यात दरड कोसळली होती. नसरापूरच्या पुढं एसटी जात नव्हती. ह्यांना निरोप पाठवायचा तर माणूस चालत जायला हवा होता. काकूंनी आपल्या पुतण्याला पिटाळलंही, पण तो पोचणार दुसऱ्या दिवशी.

सिस्टरनं मला बाजूला घेतलं. तिच्या हातात स्टीलची वाटी होती, तीत पाणी.

"ताई, तुमच्या सासूबाईंनी मला एक सांगून ठिवलंय. पोर जायला लागली तर कुणीबी पाणी घालू शकतं म्हणाल्या. फादर लागत न्हाई. घालणारा तुमच्यातला असावा असंबी न्हाई. शब्द पाठ करून घेतलेत माझ्याकडनं."

वाटी तशीच धरून ती पुढं म्हणाली,

"माझा तुमच्या देवाशी संबंध न्हाई. आमच्या देवांशीबी न्हाई उरला. पण मी शब्द दिलाय त्यांना. तुमी साहेबांना दिलाय. आता तुमी सांगा. तुमी व्हय म्हणल्याबिगर मी हात लावायची न्हाई."

मला त्या क्षणी स्वर्ग, नरक, पाप यातलं काहीच आठवलं नाही. मला ते कुंपण दिसलं. मी ते पाहिलं होतं, लग्नानंतर एकदा त्या वाटेनं जाताना ह्यांनी मान फिरवली होती तेव्हा. या पोरीला घेऊन वसईला जायचं आणि परत एक खोकं त्या निवडुंगाकडे न्यायचं, आणि ते ह्यांनी उचलायचं, एवढंच डोक्यात आलं.

"घाला," मी म्हटलं.

"नाव?"

"नाव नाही ठेवलं."

मुलीचं डोकं डाव्या हातावर घेऊन तिनं कपाळावर थोडं थोडं पाणी सोडलं आणि पाठ केलेलं म्हटलं, "बाळ, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." शाळेत कविता म्हणावी तसं, एका दमात. काकूंनी हात जोडले होते. पाणी डोळ्यांत गेलं म्हणून तिनं आपल्या पदरानं ते टिपलं आणि लगेच सलाइनच्या बाटलीकडे वळली.

डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शनं दिली, बाटली बदलली. संध्याकाळच्या सुमाराला मुलीनं लघवी केली. सिस्टर माझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "मुतली!" आणि भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा मला कळलं की आता ती जगणार.

हे तिसऱ्या दिवशी आले, गुडघ्यापर्यंत चिखल. आम्ही घरी परतलो होतो. मुलीला त्यांनी पुष्कळ वेळ मांडीवर घेतलं. जेवायला बसल्यावर मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ते ताटावरून उठले नाहीत. जेवण पूर्ण केलं, हात धुतले, मग म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

"कुणाला पाठवून?"

 ते मागच्या खोलीकडे गेले. मी दारातच उभी होते. सिस्टर भाकऱ्या थापत होती. ते म्हणाले, "तुमचा यावर विश्वास नाही ना?"

"न्हाई, साहेब."

"मग का केलंत?"

"पोरीची आई म्हणाली घाला. मी घातलं." तिनं भाकरी उलटली. "तुमचा राग खरा असंल. पण तुमी तवा हितं नव्हता."

ह्यांनी पुढचे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मीही समजूत काढायला गेले नाही. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं आणि मी केलेलंही चुकीचं वाटत नव्हतं. दोन्ही एकाच घरात राहत होतं.

सासूबाईंना कसं कळलं ते ठाऊक नाही, पण जावेचं बाळंतपण उरकताच त्या भोरला आल्या. आधी सिस्टरकडे गेल्या, तिचे दोन्ही हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग ह्यांच्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, बाप्तिस्मा झालाच आहे, तो पुन्हा होत नाही, पण तेल लावणं, मेणबत्ती, पांढरं वस्त्र हे राहिलं आहे. ते गावच्या देवळात झालं पाहिजे आणि जेवणही घातलं पाहिजे. लोक विचारतात.

"लोक!" हे म्हणाले. "लोकांसाठीच चाललंय सगळं."

"हो, लोकांसाठीच," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या वेळी याच लोकांनी सांगितलं होतं, फादर नाहीत तर काही करता येत नाही. मी ऐकलं. फादर अर्नाळ्याकडे गेलेले, मी वाट बघत बसले. पोर माझ्या मांडीवर गेली. पुढे कितीतरी वर्षांनी प्रवचनात ऐकलं की कुणीही पाणी घालू शकतं. घरात हंडा भरलेला होता, बाबा. माझ्या हाताला लागेल इतक्या अंतरावर हंडा होता."

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं ही गोष्ट हे पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं आई कुंपणाच्या बाजूनं आहे असं त्यांनी धरलं होतं.

ते म्हणाले, "जाऊ वसईला."

सिस्टरला सासूबाईंनी बरोबर नेलं. तिनं रजा काढली आणि काकूंची जरीची साडी मागून घेतली. धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात मुलीची जबाबदारी घेणारी, म्हणून सिस्टरला उभं राहता येईना, धर्ममाता कॅथलिक हवी असा नियम. धर्ममाता माझी नणंद झाली. पण सासूबाईंनी सिस्टरला पहिल्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं आणि धर्ममातेला द्यायचं ते लुगडं तिला दिलं. मागून कुजबुज झाली. एक चुलतसासू उघडच म्हणाली, "ही आपल्यातली तरी आहे का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू आहेस ना? तू होतीस का तिथं?"

हे आत आले नाहीत. नाव ठेवण्याची वेळ आली तेव्हा दाराशी उभे होते, मी वळून पाहिलं. नंतर जेवणाच्या मांडवात मात्र वाढायला पुढे होते. आपल्या हातानं सिस्टरच्या पानात वाढलं आणि तिला विचारलं, "आमच्याकडचं चालतं ना तुम्हाला, तिखट आहे." ती म्हणाली, "वेल्ह्याच्या माणसाला तिखटाचं काय सांगता."

त्यानंतर आमच्या घरात नाताळ रीतसर सुरू झाला. हे बांबू तासून तारा करायचे. मुलीसाठी करतो म्हणायचे. मिस्सेला, देवळातल्या उपासनेला, कधी आले नाहीत. मी वर्षातून दोनदा पुण्याला जायची, मिस्सा तोवर मराठीत झाली होती, आणि मला ती लॅटिनपेक्षा कमी कळल्यासारखी वाटायची, कारण आता शब्दांचा अर्थ लागत होता आणि त्यावर विचार करावा लागत होता. सासूबाई पत्रातून विचारायच्या, रोजची माळ, रोजरी, चालू आहे ना. मी लिहायची, चालू आहे. कधी असायची, कधी नसायची.

आमची बदली व्हायच्या आदल्या वर्षी सिस्टरचं लग्न झालं, तिच्याच गावात. आम्ही मुलीला घेऊन गेलो. आदल्या दिवशी तिथं तिच्या आईचा आणि चुलत्याचा वाद चालला होता. चुलत्याला देवीचा गोंधळ घालायचा होता. आई नको म्हणत होती, पण हळद लावू द्या म्हणत होती. सिस्टरनं हळद लावून घेतली. मला म्हणाली, "तेवढ्यानं आईला झोप येणार असंल तर लावू द्या."

लग्न मांडवात, समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, उदबत्त्या. वंदना सुरू झाली तशी सगळी माणसं उठून उभी राहिली. मीही उठले. शेजारी पाहिलं तर हेही मुलीला कडेवर घेऊन उभे होते. शब्द येत नव्हते म्हणून ओठ मिटलेले, पण मान खाली. माझ्याशी लग्न लागतानाही हा माणूस एवढा सरळ उभा नव्हता.

परतताना एसटीत मी म्हटलं, "उभे राहिलात ते?"

"सगळे उठले," ते म्हणाले. "आपण बसून कसं राहायचं. आणि तिचं लग्न होतं."

मुलगी खिडकीशी बसायला मागत होती. त्यांनी तिला पलीकडे सरकवलं आणि उभारणी चाललेल्या पुलाकडे बोट दाखवून हा मी बांधतोय असं सांगायला लागले.